समोरचा स्नॉर्कल घ्यावा का? विहिरीत शिकलेल्याचा प्रश्न

पाणकावळा
३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे (पोहताना श्वासासाठी तोंडात धरायची नळी, म्हणजे समोरचा स्नॉर्कल, घ्यावा का), पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला लिहिता येत नाही. सांभाळून घ्या.

वय ४८. मूळचा वाईजवळच्या एका खेड्यातला, गेली बावीस वर्षं पुण्यात. पोहायला शिकलो ते आमच्या मळ्यातल्या विहिरीत. चुलत्यांनी पाठीला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि काठावरून दिलं ढकलून. पहिल्या उन्हाळ्यात डबा होता, दुसऱ्यात सुटला, तिसऱ्यात मी वरून मुटके मारत होतो. चुलत्यांचा नियम एकच: तोंड पाण्यात गेलं की श्वास धरायचा, आणि शक्यतो तोंड पाण्यात जाऊच द्यायचं नाही. विहिरीत ते बरोबरच होतं. दहा-बारा हात मारले की समोरची कपार हाताला लागते, आणि डोकं वर असलं म्हणजे वरून कोण उडी टाकतोय तेही दिसतं. घाटावर कृष्णेत पोहायचो तेव्हाही तसंच, मान ताठ. इथे घेतलेल्या नावाचं कारण तेच.

आता दोन वर्षांपासून पहाटे टँकवर जातो. पावणेसहाची बॅच, ४५ मिनिटं, तलावाची लांबी २५ मीटर. सुरुवातीला नुसता वर-खाली करायचो आणि स्वतःवर खूश असायचो. मग लक्षात आलं की शेजारच्या लेनमधल्या साठीच्या एक बाई मला आरामात मागे टाकून जातात, तेही माझ्यापेक्षा कितीतरी कमी हात मारून. पाण्याचा आवाजही होत नाही त्यांच्या. माझ्या लेनमध्ये मात्र म्हैस उतरल्यासारखं पाणी उडत असतं.

मुलीला म्हटलं, काठावरून फोनवर व्हिडिओ काढ. तो बघितला आणि त्या दिवशी नाश्ता गोड लागला नाही. मी श्वास घ्यायला डोकं वळवत नाही, उचलतो. ज्या क्षणी उचलतो त्या क्षणी पुढे ताणलेला डावा हात सरळ खाली जातो, जिन्याचा कठडा धरून उतरावं तसा. कंबर बुडते, पाय कात्रीसारखे फाकतात. त्यानंतरचा हात ठीक पडतो. मग परत श्वास, परत कठडा. २५ मीटरला २८ हात लागतात. १०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद, आणि त्यानंतर भिंत धरून पाच मिनिटं लोकांच्या वाटेत उभा.

टँकवरचे सर भले आहेत, पण त्यांच्याकडे एका वेळी तीस-चाळीस पोरं असतात. जाता जाता म्हणाले, “काका, समोरचा स्नॉर्कल घ्या. श्वासाचं विसरा, हाताकडे बघा.” समोरचा म्हणजे गोव्याला बोटीवर मासे बघायला देतात तो कानाजवळून जाणारा नव्हे. ह्याची नळी तोंडातून निघून नाकावरून, दोन डोळ्यांच्या मधून कपाळावर जाते आणि डोक्याच्या पुढे पाण्याबाहेर निघते. कपाळावर एक पट्टी असते. लावल्यावर माणूस एकशिंगी गेंड्यासारखा दिसतो, पण ह्या वयात त्याचं काही नाही.

तर विचारायचं ते असं. ह्याने हात खरंच सुधारतो की ती नुसती कुबडी होते, काढली की परत जिथल्या तिथे? दुसरं, पोहायच्या गॉगलमध्ये नाक उघडंच असतं. तोंडाने श्वास घेताना नाकात पाणी जाणार नाही का? मला त्याची खरी भीती आहे, लिहायला लाज वाटते पण आहे. तिसरं, मला मिशी आहे, जाड आहे, आणि ती काढणार नाही.

मनात एक बेत आहे. मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात कधीतरी छोट्या अंतराला उतरायचं. घरात अजून बोललेलो नाही.


लेन_४
३ जुलै, रात्री १०:१५

मी घेतला होता. अठराशे रुपये. चार दिवस वापरला, पाचव्या दिवशी भिंतीजवळ गुलाटी मारून वळायला गेलो आणि नळीतलं सगळं पाणी पोटात. सध्या माळ्यावर आहे, दिवाळीच्या कंदिलाशेजारी. हवा असेल तर कोथरूडला येऊन न्या, मुखपट्टी, म्हणजे तोंडात धरायचा रबरी भाग, मात्र गरम पाण्यातून काढा.

बाकी ही वस्तू काही नवी नाही. पायात मोठा शेपटीसारखा पर घालून पोहण्याचा जो खेळ आहे ना, फिनस्विमिंग, त्यातले लोक कित्येक दशकं समोरचीच नळी लावतात. वर्ल्ड गेम्समध्ये तो खेळ १९८१ पासून आहे. आपल्यासारख्या लॅपवाल्यांकडे ती नंतर आली.


निळी_टोपी
४ जुलै, सकाळी ११:०५

पाणकावळा, घ्या. पण तुमच्या सरांनी अर्धंच सांगितलंय. “श्वासाचं विसरा” हे पहिल्या पंधरवड्यापुरतं ठीक आहे.

मी ठाण्याची, वय ५७, लहान मुलांना आणि त्यांच्या आयांना शिकवते. आया जास्त घाबरतात आणि जास्त नेटाने शिकतात. स्नॉर्कल मी स्वतः सहा-सात वर्षं वापरतेय. त्याचा खरा उपयोग एकच: पोहण्यातली एक गोष्ट बंद करून बाकीच्या गोष्टी बघता येतात. डोकं स्थिर राहतं, त्यामुळे हात पाण्यात कुठे शिरतोय, कुठे वळतोय, हे आयुष्यात पहिल्यांदा सलग दिसतं. एरवी दर दुसऱ्या हाताला तुम्ही मान फिरवत असता, बघणार कधी?

आता नाक. ते आधी सोडवा, नाहीतर बाकी सगळं वाया. पहिल्या दिवशी पोहायचंच नाही. उथळ बाजूला छातीभर पाण्यात उभं राहा, भिंत धरा, स्नॉर्कल लावून तोंड पाण्यात घाला आणि नुसते उभे राहा. तोंडाने आत, तोंडाने बाहेर, आणि बाहेर सोडताना थोडी हवा नाकातून. नाकातून सतत बारीक बुडबुडे येत राहिले की पाणी आत शिरत नाही, कारण हवा बाहेर येत असते. दोन मिनिटं, मग पाच. पहिला आठवडा नाकाला चिमटा लावलात तरी चालेल, त्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्या आठवड्यात काढा. चिमट्याची सवय फार लवकर लागते. माझ्याकडच्या एक बाई दोन वर्षं झाली, अजून चिमटा शोधल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत.

लावायचा क्रम: टोपी, गॉगल, मग स्नॉर्कल. कपाळपट्टी भुवयांच्या वर बसवा, टोपीच्या कडेवर नको, घसरते. पट्टा घट्ट करा, पण मुखपट्टी दातांनी चावू नका. ओठ मिटून धरायची असते. चावलीत तर संध्याकाळपर्यंत जबडा दुखेल आणि तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे जाल.

नळी तुमच्या डोक्यावरची पहारेकरी आहे. हनुवटी छातीकडे फार ओढली की टोक पुढे झुकतं आणि पाण्यात बुडतं, तोंडात पाणी येतं. डोकं वर उचललं की नळीला पाणी लागतं, ती थरथरते. दोन्ही होत नसेल तर मान बरोबर आहे. नजर सरळ खाली, किंचित पुढे, तळाच्या काळ्या पट्टीवर.

पाणी आलंच तर घाबरू नका. पोटातून एक जोरकस फुंकर, ‘फूः’, की वरून उडून जातं. काही स्नॉर्कलना खाली रबरी झडप असते, त्यातून थोडं निघून जातं. श्वास आत घेताना मात्र पहिला घोट हवेचा सावकाश घ्या, नळीत थेंब राहिलेले असतात. लेन_४ यांचं जे झालं ते सगळ्यांचं होतं. गुलाटी मारताना नळी भरतेच. वळताना श्वास धरायचा, भिंतीला पाय मारून वर आलं की आधी फुंकर, मग श्वास. क्रम चुकला की तलाव पोटात. तुम्ही सध्या गुलाटी मारूच नका, भिंत धरून वळा.

तुमच्या डाव्या हातासाठी. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा ठोकळा, अडकवा, म्हणजे कंबर वर राहील, आणि दोन्ही हात पुढे खांद्याइतक्या अंतरावर ताणून नुसते तळवे आत-बाहेर, आत-बाहेर फिरवत पुढे सरका. गोगलगायीच्या वेगाने जाल. जाऊ द्या. बघायचं ते एवढंच की बोटं मनगटाच्या खाली आहेत आणि मनगट कोपराच्या खाली. मोठ्या रांजणाला वरून कवेत घ्यावं तसा हात. तिथून पाणी मागे ढकललं जातं. तुम्ही सध्या ते खाली ढकलताय, म्हणून छाती वर येते आणि कंबर बुडते. मग एक हात पुढे थांबवून दुसरा पूर्ण फिरवून त्याच्याजवळ आणायचा, मग तो थांबवायचा. मग मुठी बंद करून एक लांबी. मूठ उघडली की पंजा परातीएवढा वाटतो.

एक सापळा सांगून ठेवते, कारण तो कोणी सांगत नाही. श्वासासाठी वळायचं नसलं की माणूस फळीसारखा सपाट होतो. खांदे फिरतच नाहीत आणि मग खांद्याची दुखणी. स्नॉर्कल असला तरी अंग दोन्ही बाजूंना वळलंच पाहिजे. पाठीमागच्या खिशातून रुमाल काढताना कमरेला जेवढा हिसका बसतो तेवढा. फक्त डोकं जागेवर.

आणि ४५ मिनिटांतली दहा-बारा मिनिटंच. एक लांबी लावून, एक लांबी काढून. माझ्याकडचा एक मुलगा अख्खा महिना लावूनच पोहला. हात इतका सुंदर झाला की बघत राहावं. शर्यतीत उतरला आणि पहिल्या श्वासाला जुना डोंबारी परत. शर्यतीत स्नॉर्कल चालत नाही, हे त्याच्या आईला मी तीनदा सांगितलं होतं.

मिशी ठेवा. मिशीचा त्रास डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कला होतो, कारण काचेची कड मिशीवर टेकते. इथे मुखपट्टी ओठांच्या आत जाते.


छातीचा_डॉक्टर
४ जुलै, दुपारी ३:३०

निळी_टोपी यांनी लिहिलेलं सगळं पटलं. माझ्या धंद्यातलं थोडं.

स्नॉर्कल लावल्यावर पहिले काही दिवस “हवा पुरत नाही” असं वाटतं. ते मनाचे खेळ नाहीत. नळीचा आतला व्यास साधारण २ सेंटिमीटर आणि लांबी ४५ सेंटिमीटर धरा. हिशेब केला तर आत सुमारे १४० मिलिलिटर हवा मावते. ती तुम्ही नुकतीच सोडलेली हवा असते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी परत आत जाते. आपल्या श्वासनलिकेतही अशी सुमारे १५० मिलिलिटर बिनकामाची जागा निसर्गतः असतेच. म्हणजे ती जवळपास दुप्पट झाली. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात ५०० मिलिलिटर घेतो. त्यातली ३५० कामाची असते, नळी लावल्यावर राहिली २१०. घाबरून कुत्र्यासारखे छोटे छोटे श्वास घेतलेत तर नळीतलीच हवा आत-बाहेर होत राहील. उपाय उलटा आहे: सावकाश, खोल, आणि मुख्य म्हणजे पूर्ण बाहेर. पोहताना श्वास तसाही दीड-दोन लिटरपर्यंत जातो, मग हा १४० चा हिशेब किरकोळ होतो.

दुसरं, छातीवर दाब जाणवेल. १० मीटर पाण्याचा दाब म्हणजे आपल्यावर एरवी हवेचा जेवढा दाब असतो तेवढाच आणखी. तुमची छाती ३० सेंटिमीटर खाली असली तर त्याच्या तीन टक्के. ऐकायला थोडं, पण छातीच्या स्नायूंना दर श्वासाला तेवढं उचलावं लागतं. म्हणूनच नळ्या साधारण हातभरच असतात. लांब नळी घेऊन खोल जाता येईल असं कोणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा.

पोहून झाल्यावर डोकं जड झालं तर समजा तुम्ही श्वास पुरता सोडत नाही आहात. थांबा, भिंत धरा. दमा असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक विनंती सगळ्यांनाच: पाण्याखालून लांबी मारायची पैज लावण्याआधी भराभरा श्वास घेऊ नका. त्याने प्राणवायू वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. श्वास घ्यावासा वाटायची घंटा त्याच्यामुळे वाजते. घंटा बंद पडते आणि माणूस पाण्याखाली न सांगता बेशुद्ध होतो. ह्यात पट्टीचे पोहणारे जास्त सापडतात.


मीठपाणी
५ जुलै, सकाळी ६:५०

मी जरा वेगळं बोलतो. मालवणचाच आहे. चिवल्याच्या स्पर्धा लहानपणापासून बघतोय, स्वतःही उतरलोय.

पाणकावळ्यांची ती वर काढलेली मान आहे ना, ती फेकून देऊ नका. समुद्रात तळाला काळी पट्टी नसते. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याच्या वर काढून बोया कुठे आहे ते बघावंच लागतं. टँकवर शिकलेली शहरातली पोरं सरळ रेषेत पोहतात असं त्यांना वाटतं आणि निघतात भलत्याच खडकाकडे. डोकं वर ठेवून चार हात मारता येणं ही तुमची कमाई आहे. फक्त चारच मारा, पुन्हा खाली.

आणि लाटेत श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे. उजवीकडून लाटेचा चाबूक बसत असेल तर डावीकडे. हे स्नॉर्कल लावून कसं शिकणार? माझं मत, आधी श्वास शिका, हाताचं मागाहून बघा. पन्नास मीटरवाले एखादा श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. तुम्हाला अर्धा तास तरी पाण्यात राहायचंय.


निळी_टोपी
५ जुलै, सकाळी १०:२०

मीठपाणी, समुद्राचं तुमचं सगळं मान्य. पण ज्याचा हात दर श्वासाला कोसळतोय त्याला दोन्ही बाजूंनी श्वास शिकवलात तर तो दोन्ही बाजूंनी कोसळेल. करून बघू द्या त्यांना. महिन्याने कळेल.


पाणकावळा
१४ ऑगस्ट, रात्री ९:१०

मंडळी, सहा आठवडे झाले. वचन दिलं नव्हतं, तरी हिशेब देतो.

लेन_४ यांच्याकडून स्नॉर्कल आणला. त्यांच्या सौ. नी कंदील बाजूला करून काढून दिला आणि वर चहा पाजला. मुखपट्टी गरम पाण्यातून काढली, दोनदा. लेन_४, गैरसमज नसावा.

पहिल्याच दिवशी दारात अडवलं. जीवरक्षक म्हणाला, “साहेब, हे डायव्हिंगचं सामान, इथे चालत नाही.” सर आले, त्यांनी समजावलं, मग कडेच्या लेनमध्ये उथळ बाजूला परवानगी मिळाली. भिंत धरून उभा राहिलो, तोंड पाण्यात घातलं, आणि तीन सेकंदांत बाहेर. चुलते समोर उभे असल्यासारखं वाटलं. चार दिवस नुसता उभा होतो. चिमटा लावला, मग काढला. पाचव्या दिवशी काहीतरी सुटलं आणि मी पंधरा-वीस मिनिटं तसाच उभा राहिलो, तळाकडे बघत. नळीत स्वतःचा श्वास केवढा मोठा ऐकू येतो! आमच्या गावच्या लोहाराच्या भात्यासारखा. तळाला एक केसाची पिन, एक चिकटपट्टी, आणि फुटलेल्या फरशीच्या जागी सिमेंट भरलेलं. दोन वर्षं त्याच पाण्यात येतोय आणि तळ पहिल्यांदा बघितला.

मग पोहलो. आणि तिसऱ्या दिवशी डावा हात सरळ झाला. आपोआप! मी काहीच केलं नाही. पुढे जातो, थांबतो, वळतो. हात मोजले, २८ चे २३. मला वाटलं झालं काम, मुलीला व्हिडिओला बोलावलं. तिच्यासमोर स्नॉर्कल काढून पोहलो आणि पहिल्याच श्वासाला कठडा परत.

तिथे ट्यूब पेटली. हात बिघडलेला नव्हताच कधी. श्वास घ्यायची वेळ आली की तो बिचारा खाली जाऊन डोकं वर उचलायला मदत करत होता. आणि डोकं एवढं का उचलावं लागत होतं? कारण पाण्यात असताना मी हवा सोडतच नव्हतो. तोंड पाण्यात गेलं की श्वास धरायचा. मग तोंड बाहेर आल्यावर आधी सोडणार, मग घेणार, दोन्ही एका क्षणात. त्याला वेळ हवा, वेळ हवा म्हणून डोकं उंच हवं, डोकं उंच हवं म्हणून डाव्या हाताचा आधार. स्नॉर्कलमध्ये मी सगळा वेळ श्वास सोडत होतो म्हणून हाताला ते काम राहिलंच नाही. मीठपाणी, तुम्ही “आधी श्वास” म्हणालात ते खरं निघालं. पण स्नॉर्कल लावला नसता तर मी आणखी दोन वर्षं हातालाच शिव्या देत बसलो असतो.

सरांना सांगितलं. ते हसले आणि मला सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं केलं. काठ धरून तोंड पाण्यात, ‘हूंऽऽ’ म्हणत बुडबुडे, मान बाजूला, श्वास, परत ‘हूंऽऽ’. माझ्या शेजारी एक चिमुरडी, गुलाबी टोपी, पुढचे दोन दात पडलेले. दोन दिवस माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “काका, तुम्ही मनातल्या मनात हूं करताय. मोठ्यांदा करा.” बरोबर होतं. आवाज निघाला की हवा निघते, आवाज थांबला की समजायचं परत धरला.

आता १०० मीटर स्नॉर्कलशिवाय २ मिनिटं ३४ सेकंद. हात २५. स्नॉर्कल लावून अजूनही २३, म्हणजे ते दोन हात श्वासात कुठेतरी गळतायत. डावीकडून श्वास अजून येत नाही, गिळलेलं पाणी मोजत नाही. डॉक्टर, डोकं जड व्हायचं ते पहिले दोन आठवडेच. पूर्ण सोडायला लागलो आणि थांबलं. साठीच्या बाई अजून पुढेच आहेत, पण परवा भिंतीजवळ थांबून म्हणाल्या, “पाणी कमी उडतंय तुमचं.” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

एक अडचण. गेला आठवडाभर दर लांबीला तोंडात पाणी येत होतं. मान तपासली, हनुवटी तपासली, स्वतःला दोष दिला. शेवटी घरी येऊन खालची झडप उघडून बघितली तर रबरी चकतीखाली एक केस अडकलेला. माझा नव्हे, माझ्याकडे तेवढा लांब नाहीच. तो काढला तरी चकतीची कड आता किंचित वाकलेली दिसते आणि थेंब थेंब येतंच आहे. नुसती चकती वेगळी मिळते का कुठे?


लेन_४
१४ ऑगस्ट, रात्री ९:३२

केस सौ. चा. चार दिवसांतला एक दिवस तिनेही लावून बघितला होता, मला आत्ता कळतंय.


निळी_टोपी
१५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

चकतीचं माप कंपनीगणिक वेगळं असतं, दुसऱ्याची बसेलच असं नाही. आधी ती काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि रात्रभर सपाट काचेखाली दाबून ठेवा, वर दोन जाडजूड पुस्तकं. माझी तशीच सरळ झाली होती. पोहून आल्यावर साध्या पाण्यातून काढून सावलीत उभा टांगत जा, बॅगेत ओला ठेवू नका. नाहीच झाली तर माझ्या डब्यात जुन्या स्नॉर्कलच्या दोन पडल्या आहेत. व्यास मोजून कळवा, मिलिमीटरमध्ये.

आणि ते दोन हात गळतायत ना, तिथे एकच करा: श्वास घेताना एक डोळा पाण्यातच राहू द्या. खालचा गॉगल पाण्यात, वरचा बाहेर. दोन्ही बाहेर आले की डोकं उचललंत.


मीठपाणी
१५ ऑगस्ट, रात्री ८:४०

घरात बोललात का अजून?


पाणकावळा
१५ ऑगस्ट, रात्री १०:०५

मुलीला सांगितलंय. ती म्हणते व्हिडिओ काढायला तीही येणार. हिला गणपतीनंतर सांगू.

चकती १९ मिलिमीटर.